दुकानांना पार्किंगची सक्ती: सोलापूरच्या जुन्या पेठांत हा नियम ठेवावा का?

चाटी गल्लीतील कापड व्यापारी:

चाटी गल्लीत आमचे कापडाचे दुकान आजोबांच्या काळापासून आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत माळवद इतके गळू लागले की जुनी इमारत उतरवून खाली दुकान, त्यावर मालाचे कोठार आणि सर्वांत वर राहण्याची जागा असे नवे बांधकाम करण्याचे आम्ही भावाभावांनी ठरवले. वास्तुविशारदांकडे गेलो, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पार्किंगचा. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे आणि प्रत्येक वापरासाठी किमान किती वाहनांची जागा आपल्याच भूखंडात सोडायची, हे तिच्यात ठरवून दिलेले आहे. दुकानांना क्षेत्रफळावर, रुग्णालयांना खाटांवर, नाट्यगृहांना आसनांवर. लहान भूखंडांना काही सवलती आहेत, हे खरे. पण दोन भावांच्या जागा एकत्र करून बांधायला निघालो की हिशेब बदलतो.

तो हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. एका मोटारीचा चौकोन २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर. मोटार आत येण्याची आणि वळण्याची वाट धरली की ही जागा दुपटीवर, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांवर जाते. आमच्या गल्लीत १० बाय १२ फुटांच्या गाळ्यावर अख्खे घर चालते. असे दोन गाळे एका मोटारीखाली जातात, आणि तेही अशा गल्लीत जिथे लग्नसराईत पायी चालणाऱ्यालाही खांदा तिरका करून पुढे सरकावे लागते. बस्ता बांधायला येणारी मंडळी आजही गाडी लांब कुठेतरी लावून चालतच येतात. मग माझ्या दुकानाच्या पोटात त्या गाडीसाठी जागा कोरण्याची सक्ती कशासाठी?

माझे म्हणणे स्पष्ट आहे. नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती, टिळक चौक या जुन्या बाजारपेठेत दुकानांवरची किमान पार्किंगची अट पूर्णपणे काढावी. त्याऐवजी बाजाराच्या कडेला सार्वजनिक वाहनतळ करावेत आणि त्यांच्या खर्चाचा वाटा आम्हा व्यापाऱ्यांकडून घ्यावा. तो द्यायला मी तयार आहे.

विजापूर रस्त्यालगतच्या वसाहतीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका:

आपली अडचण मला समजते, पण आपण मागता ती सूट एका गल्लीपुरती राहणार नाही, याची मला भीती वाटते. जुन्या पेठेला दिले की नव्या रस्त्यांवरचे व्यावसायिक तेच मागतील, आणि त्याचे ओझे ज्यांनी धंदा केलेला नाही त्यांच्या दारात येऊन पडेल.

आमच्या घरामागे एक मंगल कार्यालय आहे. लग्नतिथीच्या दिवशी तिथली वाहने आमच्या दोन्ही गल्ल्यांत, फाटकांसमोर, अगदी तुळशीवृंदावनाला चाक टेकेल इतक्या जवळ उभी असतात. दोन वर्षांपूर्वी वैशाखात रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली, पण कोपऱ्यावरच अडली. माझ्या मुलाने आणि शेजारच्या दोन मुलांनी त्यांना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवून, मोटारींच्या आरशांना धक्के देत, सव्वाशे पावले उचलून नेले. ते वाचले, ही देवाची कृपा. पण त्या खुर्चीचा एक पाय तेव्हापासून ढिला झाला आहे आणि तो मी मुद्दाम दुरुस्त करून घेतलेला नाही.

आपण म्हणता सक्ती काढा. मी म्हणते, ज्याच्या व्यवसायामुळे वाहने येतात त्याने ती आपल्या जागेत सामावून घ्यावीत, हा साधा न्याय आहे.

वास्तुविशारद, गेली एकोणीस वर्षे सोलापुरात व्यवसाय:

ताईंच्या प्रसंगाबद्दल मनापासून वाईट वाटले. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष थोडा वेगळा आहे, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. अशा बहुतेक इमारतींच्या मंजूर नकाशात पार्किंग असतेच. ते प्रत्यक्षात उरत नाही, हे खरे दुखणे आहे.

असे का होते, हे आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. नियमानुसार पार्किंगची जागा चटई क्षेत्रात, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या मोजमापात, धरली जात नाही, त्यामुळे कागदावर मालकाचे काही जात नाही असे दिसते. प्रत्यक्षात बाजारपेठेत तळमजल्याच्या दर्शनी जागेला जो भाव मिळतो, त्याच्या जवळपासही पहिल्या मजल्याला मिळत नाही, कारण आपल्याकडे गिऱ्हाईक जिना चढत नाही. म्हणजे तळमजल्यावर मोटार उभी करणे हा दुकानदारासाठी सर्वांत महागडा त्याग असतो. मग तळघर खोदले जाते. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे इमारत वापरण्याच्या परवानगीच्या वेळी तिथे पांढरे पट्टे ओढलेले असतात, बाणही काढलेले असतात. सहा महिन्यांनी त्याच तळघरात गेलो, तर टॉवेलच्या गठ्ठ्यांच्या मधून ते पट्टे दिसतात आणि उताराच्या तोंडाला शटर लागलेले असते. एका ठिकाणी तर उतारावर फरशीच्या पायऱ्या बसवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. त्या तळघरात आता वाहन उतरणे शक्यच नाही.

या नियमाचा त्रास प्रामाणिक माणसालाच होतो. जो खरोखर जागा सोडतो त्याचा धंदा बसतो, आणि जो पट्टे ओढून शटर लावतो तो शेजारी जोरात चालतो. अट ठेवायची असेल, तर दरवर्षी प्रत्यक्ष जागा पाहण्याची आणि बंद केलेली तळघरे मोकळी करून घेण्याची व्यवस्था आधी उभी करावी लागेल. ती नसताना अधिक कडक नियम मागणे म्हणजे अधिक गोदामे बांधणे आहे.

नगरनियोजनाचा विद्यार्थी:

या प्रश्नावर जगात बराच विचार झालेला आहे. अमेरिकेत डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी अनेक दशके हेच मांडले की, किमान पार्किंगचे आकडे कोणत्याही खऱ्या गरजेवरून आलेले नसतात आणि फुकट पार्किंगचा खर्च वस्तूंच्या किमतीत मिसळून पायी येणाऱ्या गिऱ्हाइकाकडूनही वसूल होतो. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराने २०१७ मध्ये शहरभरातील किमान अट काढून टाकली. त्याच वर्षी मेक्सिको सिटीने किमान मर्यादेऐवजी कमाल मर्यादा आणली. लंडनने हा बदल २००४ मध्येच केला होता. आपल्याकडे २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातही असे म्हटले आहे की, शहरातील जमीन मोलाची आहे आणि पार्किंगचे शुल्क त्या मोलाला धरून असावे.

सक्ती काढली म्हणजे पार्किंग बांधायला बंदी केली, असा अर्थ होत नाही. ज्याला गरज वाटेल तो बांधेल, आणि किती बांधायचे हे त्याचे गिऱ्हाईक ठरवेल. नव्या पेठेतल्या चप्पल दुकानाला आणि जुळे सोलापुरातल्या फर्निचरच्या शोरूमला क्षेत्रफळाचे एकच गणित लावणे मला पटत नाही.

चादर व टॉवेल विक्रेते, पूर्व भाग:

आपला अभ्यास चांगला आहे, पण लंडनमध्ये माणूस गाडीशिवाय दुकानापर्यंत कसा पोहोचतो, हेही सांगायला हवे होते. तिथे जमिनीखालून रेल्वे आहे आणि रस्त्यावर ठरलेल्या वेळी बस आहे. आपल्याकडे परिवहनाच्या बसची वाट पाहून पाहून लोकांनी हप्त्यावर दुचाकी घेतल्या. आधी गाडीला पर्याय द्या आणि मग गाडीची जागा काढा.

माझी निम्मी विक्री बाहेरगावच्या माणसांवर आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरचे दर्शन आटोपून जाता जाता चादरी घेणारी कुटुंबे मोटारीने येतात आणि घाईत असतात. दुकानासमोर गाडी थांबायला जागा नसेल, तर ती मंडळी पुढच्या महामार्गावरच्या दुकानात थांबतात, जिथे माल सोलापूरचा असेलच याची खात्री नसते. हे मी वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून मी स्वतः आतली सहा फूट जागा सोडून दुकान मागे घेतले, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

आणखी एक गोष्ट व्यापारी बांधवांना सांगतो, राग मानू नये. आपल्या दुकानासमोर सकाळी दहा ते रात्री नऊ कोणाची वाहने उभी असतात, हे एकदा मोजावे. मी मोजले. अकरा दुचाक्यांपैकी आठ माझ्या आणि शेजारच्या नोकरांच्या होत्या आणि एक माझी स्वतःची. गिऱ्हाइकाला जागा आपणच ठेवत नाही.

चाटी गल्लीतील कापड व्यापारी:

अण्णा, आपले वाचून आज सकाळी मीही दारात उभे राहून मोजले. सात दुचाक्या होत्या. पाच आमच्या दुकानच्या आणि त्यांतली एक माझ्या मुलाची, जो अर्ध्या किलोमीटरवरून गाडीवर येतो. हे मला आधी दिसायला हवे होते, त्यामुळे अट पूर्णपणे काढावी या माझ्या म्हणण्यात मी दुरुस्ती करतो. दुचाकीला २ चौरस मीटर लागतात. म्हणजे एका मोटारीच्या चौकोनात सहा दुचाक्या बसतात. जुन्या पेठेत मोटारीची अट काढावी, पण मालकाच्या आणि नोकरांच्या दुचाक्यांची जागा आतच सोडण्याची अट ठेवावी. ती मी आनंदाने पाळेन.

सार्वजनिक वाहनतळाबद्दल मात्र मी ठाम आहे. लोक चालत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आठवावी. लाखोंची गर्दी वाहने लांब ठेवून होम मैदानापर्यंत लहान मुले खांद्यावर घेऊन चालत येते. नंदीध्वज निघतात तेव्हा पेठांमधले रस्ते मोकळे होतात आणि बाजार बुडत नाही, उलट त्या दिवसांत आमचा गल्ला भरतो.

निवृत्त शिक्षिका:

यात्रा वर्षातून काही दिवसांची असते, आणि त्या दिवसांत चौकाचौकांत पोलीस उभे असतात. मंगळवारी दुपारी चार वाजता, हातात मुलाचे बोट आणि डोक्यावर एप्रिलचे ऊन असताना, वाहनतळापासून दुकानापर्यंत किती माणसे चालतील, याचा विचार व्हावा. वाटेत सावली नाही, पदपथावर टपऱ्या आहेत. वाहनतळ बांधला आणि तिथून बाजारापर्यंतची वाट तशीच राहिली, तर तो रिकामा राहील आणि गाड्या पुन्हा आमच्यासारख्यांच्या दारात येतील.

दुचाकीपुरती अट ठेवण्याचे आपले म्हणणे मला जुन्या पेठेपुरते मान्य आहे. पण मंगल कार्यालये, रुग्णालये आणि मोठी हॉटेले, म्हणजे जिथे एकाच वेळी शेकडो माणसे येतात, त्यांची मोटारींची अट एका चौरस फुटानेही कमी होऊ नये. वास्तुविशारद साहेब, अशा जागांची दरवर्षी तपासणी व्हायची असेल तर मंजूर नकाशा आम्हा शेजाऱ्यांना पाहता येतो का?

वास्तुविशारद:

येतो. माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करून मंजूर नकाशाची प्रत मागता येते, आणि २००५ च्या कायद्यानुसार तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. नकाशात पार्किंगचे चौकोन क्रमांकासह दाखवलेले असतात. प्रत हाती आली की ती घेऊन जागेवर उभे राहावे आणि प्रत्येक चौकोनात आज काय आहे, याचे छायाचित्र काढावे. ताई, आपल्या मागच्या कार्यालयासाठी अर्जाचा मसुदा मी करून देतो. चाटी गल्लीच्या नकाशातही दुचाक्यांचे चौकोन मालाच्या जिन्याखाली न दाखवता दर्शनी बाजूला दाखवावेत, म्हणजे उद्या तिथे गठ्ठे आले तर ते रस्त्यावरूनच दिसतील.

चाटी गल्लीतील कापड व्यापारी:

दर्शनी बाजूची आठ फूट रुंदी जाईल. भावाशी बोलतो. आमच्या शोकेसची काच तेवढीच रुंद आहे आणि तिच्यात वडिलांनी लावलेली पहिली इरकल अजून आहे. ती आत घ्यावी लागेल.