मदत हवी आहे: नगरपरिषदेचं मोफत वायफाय पुन्हा सुरू करायचंय, प्रस्तावात काय काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, विषय भलत्या विभागात गेला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आमचं सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी सार्वजनिक वाचनालयाच्या समितीवर आहे आणि वाचनालयाची अभ्यासिका बघते. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, टीईटी असं सगळं करणारी मुलंमुली सकाळी लवकर येऊन बसतात, निम्मी तर आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतात. आता नगरपरिषदेत नवीन बॉडी आलीये आणि आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांनी फ्री वायफायचा विषय सर्वसाधारण सभेत घ्यायचं कबूल केलंय, पण म्हणाले ताई, काय पाहिजे ते तुम्हीच लिहून द्या.

हे गावात आधी एकदा होऊन गेलंय. काही वर्षांपूर्वी एका कंपनीला काम दिलेलं, स्टँड, बाजार चौक आणि बागेपाशी खांबांवर वायफायचे पांढरे डबे बसले, उद्घाटन झालं, फ्लेक्स लागले. स्टँडच्या डब्याला वीज दिली होती स्ट्रीटलाईटच्या खांबातून, म्हणजे संध्याकाळी दिवे लागले की वायफाय चालू आणि सकाळी दिवे गेले की वायफायपण बंद. तरी मुलं रात्री शेवटची गाडी गेल्यावर स्टँडवर बसून दुसऱ्या दिवशीची लेक्चर्स डाउनलोड करून घ्यायची, मुलींना अर्थातच ते शक्य नव्हतं. मग तेही थांबलं. नेटवर्कचं नाव अजून मोबाईलमध्ये दिसतं, फोन जोडला पण जातो, पण पुढे नेटच नाही. चौकशी केली तर कळलं की कंत्राट संपलं आणि त्यानंतर नेटच्या लाईनचं बिल कुणी भरायचं हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

तर मला हे पुन्हा तसंच व्हायला नकोय. जागा कुठल्या मागाव्यात, पैसे कुठल्या खात्यातून मागावेत, पीएम वाणी म्हणून केंद्राची सार्वजनिक वायफायची योजना आहे म्हणतात, ती आपल्याला लागू होते का, आणि दुसऱ्या शहरांनी काय केलं, कुणाचं टिकलं कुणाचं नाही, हे कुणी नीट सांगेल का? मी कॉम्प्युटरवाली नाही, तेव्हा जरा उलगडून सांगा.

राऊटरवाला

ताई, मी पुण्यात नेटवर्कचंच काम करतो, ऑफिसं, हॉस्टेलं, मंगल कार्यालयं सगळीकडे वायफाय बसवतो, म्हणून आधी जागेचं बोलतो. चौकातल्या खांबावर डबा लावायचा हट्ट सोडून द्या. फोनमध्ये रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात कारण खांबावरचा डबा जोरात बोलतो, पण फोनचा आवाज बारीक असतो, त्याचं बोलणं डब्यापर्यंत पोचत नाही, मग लोक म्हणतात रेंज फुल आहे तरी चालत नाही. शिवाय वायफाय दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, त्यातल्या २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि बाजार चौकात प्रत्येक दुकानाचा आपापला राऊटर असतोच, तिथे तुमचा आणखी एक म्हणजे नुसता गोंगाट. जिथे लोक बसतात तिथे, छताखाली, छताला लावा. अभ्यासिका, स्टँडचा प्रतीक्षा कक्ष, ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी. हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झ मस्त चालतं. ते भिंतीपलीकडे फारसं जात नाही पण अभ्यासिकेला तेच हवंय, आणि एका डब्यावर तीस-चाळीस फोनच्या वर भार टाकू नका, दोन हॉल असतील तर दोन डबे.

आणि वीज स्ट्रीटलाईटवरून घेऊ नका हे तुम्हाला आता सांगायला नकोच. मीटरवालं वीज कनेक्शन आणि छोटा यूपीएस, डब्यांना वीज नेटच्या केबलमधूनच देता येते, त्यामुळे यूपीएस एकाच ठिकाणी ठेवला तरी पुरतो.

कोथरूडकर

खांबांचं पुण्यात पण झालंय. इंटेलला सोबत घेऊन अख्खं शहर वायरलेस करायचं असा गाजावाजा २००६ च्या सुमारास झाला होता, आम्ही कॉलेजात होतो, काय उत्साह होता. अख्ख्या शहराचं काही झालं नाही. मग २०१८ ला स्मार्ट सिटीमधून गूगल स्टेशन, म्हणजे गूगलचं फुकट वायफाय, आलं, दीडशेच्या आसपास जागा, बागा, दवाखाने, पोलीस स्टेशनं, आणि ते खरोखर चांगलं चालायचं, मी स्वतः वापरलंय. पण २०२० च्या फेब्रुवारीत गूगलनेच जाहीर केलं की हा प्रकल्प आम्ही गुंडाळतोय, मोबाईल डेटा स्वस्त झाला आता गरज राहिली नाही म्हणून. रेल्वे स्टेशनांवरचं मात्र टिकलं, कारण तिथे फायबर रेलटेल या रेल्वेच्याच कंपनीची स्वतःची होती, गूगल गेलं तरी लाईन जागेवर होती. हे ताईंच्या प्रस्तावासाठी महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, बाहेरचा पाहुणा गेल्यावर मागे काय उरतं ते बघायचं.

शिवाजी_पेठ

मी जरा उलटं विचारतो, राग मानू नका. २०१६ ला जिओ आल्यापासून दिवसाला दीड-दोन जीबी सगळ्यांकडे आहे. मुंबईत २०१७ च्या जानेवारीत आपले सरकार वायफाय ५०० ठिकाणी सुरू झालं, १ मेपर्यंत १२०० करायचं ठरलं होतं, आज मुंबईत कोण ते शोधतंय? नगरपरिषदेने आधी पाणी द्यावं रोज.

अभ्यासिका_ताई (धागाकर्ती)

दादा, पाण्याचं खरंच आहे, त्यात वाद नाही. पण दीड जीबी सगळ्यांकडे नाहीये हो. रिचार्ज संपला की पुढचा कधी मारायचा हे घरी पगार किंवा दुधाचं बिल आलं की ठरतं, आणि तेवढे दिवस मुलगी शेजारणीकडे हॉटस्पॉट मागते. कितीतरी घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर शेतात. आणि क्लासचं लेक्चर दोन-दोन तासांचं असतं, त्यात दीड जीबी दुपारपर्यंत उडतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना शेवटच्या पानावर डेटा संपला म्हणून रडवेली झालेली मुलगी माझ्यासमोर बसली होती, मी माझा फोन दिला, पण मी रोज तिथे असतेच असं नाही. मुंबईत गरज नसेल, इथे आहे.

डेलावेअर_काठ

मी फिलाडेल्फियाजवळ राहते, तिथला किस्सा सांगते कारण जगभर पालिकांनी तिथूनच धडा घेतला. २००४ मध्ये महापौर जॉन स्ट्रीट यांनी जाहीर केलं की अख्ख्या शहरावर, १३५ चौरस मैलांवर वायफाय पसरवायचं. २००५ ला अर्थलिंक कंपनी निवडली गेली आणि पालिकेला ही गोष्ट फार आवडली की सगळा खर्च कंपनी करणार, आपल्याला एक डॉलर घालायचा नाही. लोकांनी महिना वीसेक डॉलर द्यायचे, गरिबांना दहाच्या आसपास. दिव्यांच्या खांबांवर डबे लागले, पण इथली घरं विटांची, एकाला एक चिकटलेली, सिग्नल घरात शिरेना, मग आणखी डबे लावा, आणखी खर्च, आणि गिऱ्हाईक मिळेना. २००८ मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोत तर गूगल आणि अर्थलिंकचा बेत २००७ मध्ये सुरू होण्याआधीच मोडला.

त्याच काळात मिनियापोलिसने वेगळं केलं. तिथे पालिका स्वतः पहिली गिऱ्हाईक झाली, वर्षाला साडेबारा लाख डॉलर, दहा वर्षं, असा करारच केला. इन्स्पेक्टर, फायरब्रिगेड वगैरे पालिकेचीच माणसं ते नेटवर्क वापरणार म्हणून. २००७ च्या ऑगस्टमध्ये तिथला मोठा पूल नदीत कोसळला तेव्हा अर्धवट बांधलेलं ते नेटवर्क बचावकामाला उपयोगी पडलं. ते पुढे कितीतरी वर्षं चाललं. ताई, तुमच्या प्रस्तावात हे जरूर लिहा की नगरपरिषदेची स्वतःची कामं, करवसुलीचे काउंटर, दवाखाना, सगळं याच लाईनवर चालेल. स्वतःचं काम अडलं की दुरुस्ती लवकर होते.

म्युनिकचा_मुक्काम

यात भर. युरोपियन युनियनने २०१८ पासून गावोगावच्या पालिकांना वायफायसाठी १५,००० युरोचं व्हाउचर दिलं. अट अशी की ते फक्त डबे आणि बसवणावळीसाठी, नेटचं बिल आणि देखभाल तीन वर्षं पालिकेनेच करायची, आणि हे आधी मान्य करायचं. आपल्याकडे बरोब्बर हेच लिहायचं राहून जातं. अनुदानातून डबे येतात, बिल येत नाही. तेव्हा अंदाजपत्रकात महसुली, म्हणजे चालू खर्चात वेगळं लेखाशीर्ष (खर्चाचं स्वतंत्र खातं) मागा, दरवर्षीचं.

वाणी_दुकानदार

पीएम वाणीबद्दल मी सांगतो, माझं नाशिकला कॉलेजजवळ स्टेशनरीचं दुकान आहे आणि मी पीडीओ आहे. पीडीओ म्हणजे ज्याच्या जागेत डबा आहे तो, चहावाला, किराणावाला, वाचनालय, कुणीही. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये ही योजना मंजूर केली, पीडीओला लायसन्स नाही, नोंदणी नाही, फी नाही. त्याच्यावर असतो पीडीओए, तो नोंदणी केलेला असतो, लॉगिन, हिशोब, रेकॉर्ड ही डोकेदुखी त्याची. माणूस अ‍ॅपमधून एकदा ओटीपी देतो, मग जवळचे वाणीचे हॉटस्पॉट अ‍ॅपमध्येच दिसतात. पाच-दहा रुपयांची कूपनं विकता येतात किंवा फुकट पण ठेवता येतं. म्हणजे तुमचं वाचनालय स्वतः पीडीओ होऊ शकतं, नगरपरिषदेने फक्त लाईनचं बिल भरायचं.

अडचण कुठे होती तर लाईन देणाऱ्या कंपन्या म्हणायच्या की दुसऱ्याला नेट वाटायचं असेल तर लीज्ड लाईन, म्हणजे कंपन्यांसाठीची खास राखीव लाईन घ्या, आणि तिचा दर छोट्या माणसाला झेपणाराच नाही. सरकारचं धोरण होतं २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉट, झाले काही लाख, त्याचं मोठं कारण हे. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या नियामकाने, आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर प्लॅन पीडीओला जास्तीत जास्त दुप्पट दरात द्यायचा, त्याच्यावर नाही. लाईन घ्यायला जाल तेव्हा या आदेशाची प्रत हातात ठेवा, काउंटरवरच्या पोराला माहीत नसतं, त्याचा दोष नाही, पण वरिष्ठांना दाखवा.

राऊटरवाला

ओटीपीवरून आठवलं, मुलं कुरकुर करतील की पासवर्ड का नाही ठेवत, सरळ सगळ्यांना सांगू. तसं करू देऊ नका. २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीची मेल गेली ती नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून, घरमालकाला पत्ताच नव्हता आणि चौकशी त्याच्या दारात आली. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सार्वजनिक वायफायला ओळख पटवणं सक्तीचं केलं. पीडीओएकडे गेलात तर हे आपोआप होतं. मात्र करारात एक वाक्य टाका की मुलांचे नंबर जाहिरातीला, क्लासवाल्यांना दिले जाणार नाहीत. आणि एका फोनला दुसरा फोन दिसू नये अशी सोय डब्यात असते, ती चालू करायला लावा.

त्रिवेंद्रम_मेल

केरळात बसस्टँड, सरकारी ऑफिसं, बागा इथे के-फाय नावाचं सरकारी वायफाय आहे, दिवसाला १ जीबी फुकट, पुढे विकत. रेल्वेचं पण तसंच, पहिला अर्धा तास फुकट, नंतर २०२१ ला दहा रुपयात ५ जीबी असा प्लॅन आणलेला. अभ्यासिकेत पूर्ण फुकट आणि स्टँडवर अर्धा तास फुकट असं केलं तर स्टँडवर गर्दी करून सिनेमे बघणारे कमी होतील, लाईन सगळ्यांना पुरेल.

अभ्यासिका_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल नगरसेवकांशी बोलले. खांब पूर्ण सोडले. अभ्यासिका, स्टँडचा प्रतीक्षा कक्ष आणि रुग्णालय एवढ्याच तीन जागा मागतोय, वाचनालय पीडीओ होईल आणि बिलासाठी वेगळं लेखाशीर्ष. पण स्टँड एसटी महामंडळाचा आणि रुग्णालय जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचं, तिथे डबा लावायला आणि वीज घ्यायला कुणाकडे अर्ज करायचा? की पहिल्या वर्षी फक्त अभ्यासिकाच धरू? आणि बिघडल्यावर किती वेळात दुरुस्त व्हावं हे करारात कसं लिहितात?

राऊटरवाला

अभ्यासिकेपासून सुरू करा, जागा तुमचीच आहे, कुणाची परवानगी नको. स्टँडसाठी आगार व्यवस्थापकांना नगरपरिषदेच्या लेटरहेडवर पत्र, ते विभाग नियंत्रकांकडे पाठवतील. रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक. दोन्ही पत्रात स्पष्ट लिहा की विजेचं आणि नेटचं बिल नगरपरिषद भरेल, परवानगी अडते ती बहुतेक तिथेच. दुरुस्तीचं असं लिहा: तक्रार आल्यापासून २४ तासात सुरू, नाही झालं तर त्या प्रत्येक दिवसाचे पैसे कंपनीच्या बिलातून कापले जातील, आणि तक्रार लिहायची वही अभ्यासिकेत राहील, सही तुमची. मी वापरतो तो देखभाल कराराचा मराठी नमुना तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) करतो, त्यातलं स्टँडबाय, म्हणजे राखीव दुसऱ्या लाईनचं कलम काढून टाका, तुमच्या बजेटला ती पेलणार नाही.