प्रतिसाद: शिरक्याच्या अनुमापनाला मिथिल ऑरेंज का चालत नाही

अनुमापन म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेचा आम्लारी ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मापनळीतून) थेंबथेंब सोडून नमुन्यातले आम्ल मोजणे; अभिक्रिया संपल्याचे रंग बदलून दाखवतो तो दर्शक. ‘उदासिनीकरण झाले की सामू (pH) 7 होतो, त्यामुळे दर्शक कोणताही घेतला तरी फरक पडत नाही’ हे वरच्या प्रतिसादातले विधान हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या तीव्र आम्लापुरते मान्य करता येईल. आपल्या गोव्यात माडाच्या सुरेचा शिरका (व्हिनेगर) सहज मिळतो आणि शाळेच्या प्रयोगाला तो उत्तम नमुना आहे. पण त्यातले अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य असल्यामुळे सोडियम हायड्रॉक्साइडशी अभिक्रिया पूर्ण झाल्यावर उरणारे सोडियम अ‍ॅसिटेटचे द्रावण किंचित आम्लारिधर्मी असते आणि त्याचा सामू साधारण 8.7 भरतो. मिथिल ऑरेंज या दर्शकाचा रंग सामूच्या 3.1 ते 4.4 या टप्प्यातच बदलतो, म्हणजे निम्मे आम्लही संपलेले नसताना विद्यार्थी ब्युरेट बंद करतो. फिनॉल्फ्थॅलिन हा दुसरा दर्शक साधारण 8.2 च्या पुढे गुलाबी होते, म्हणून येथे तेच घ्यावे.

घरगुती शिरका गढूळ असेल, तर तो गाळून 10 मिलिलिटरचे ऊर्ध्वपातित पाण्याने 100 मिलिलिटर करावेत. त्यामुळे गुलाबी छटा स्पष्ट दिसते, मात्र उत्तराला शेवटी 10 ने गुणायला विसरू नये. भिरंडेचा (कोकमाचा) लाल रंगही आम्लारीत बदलतो, परंतु तो बदल हळूहळू होत असल्याने अंत्यबिंदू (रंग बदलून अनुमापन थांबवायचा क्षण) नेमका पकडता येत नाही.