घरट्यातल्या परोपजीवींना काय म्हणावं?

अर्धविराम: अनुवादात अडलेय. लेख युरोपातल्या ग्रेट टिट पक्ष्यांवर आहे. हे झाडाच्या ढोलीत, नाहीतर माणसांनी टांगलेल्या लाकडी पेटीत घरटं करतात. जुन्या घरट्यातल्या शेवाळात पिसवा कोशात बसून हिवाळा काढतात, ऊब आली की ढोलीच्या तोंडाशी जमतात आणि जागा बघायला आलेल्या पक्ष्यावर उडी घेतात. मी 'घरट्यातले परोपजीवी' लिहिलं, तर संपादकांनी शेजारी कोकिळेचं चित्र लावलं! कावळ्याच्या घरट्यात अंडी घालणारी वेगळी आणि या रक्त पिणाऱ्या वेगळ्या. दोघींना वेगळे शब्द आहेत का?

काना_मात्रा: तुम्ही 'परोपजीवी' लिहिलंत, बरं वाटलं. हल्ली सगळीकडे हिंदीतला 'परजीवी' घुसलाय.

अर्धविराम: अहो, पण कोकिळेचं काय?

खुराडं: कशाला एवढं? पिसवा म्हणा. आजी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवताना टोपलीत आधी चुलीतली राख पसरायची. एकदा राहिलं. कोंबडी एकवीस दिवस पुरे व्हायच्या आत उठून गेली. मी टोपलीत हात घातला, तर तांबडे ठिपके मनगटापर्यंत चालत आले.

भिंगवाली: चालत आले ना? मग त्या पिसवा नव्हेत, माइट. आठ पाय. दिवसा फटीत दडतात, रात्री रक्त पितात, पिऊन तांबडे होतात. पिसूला सहा पाय, आणि ती उडी मारते. त्यामुळे सरसकट 'कीटक'ही लिहू नका, माइट कीटक नव्हेत.

खुराडं: आजी पाय मोजत बसली नाही हो.

ओटीवरून: पिसांत राहते ती पिसू, इतकं सोपं आहे.

काना_मात्रा: मग कुत्र्याच्या अंगावर कोणती पिसं? ऋग्वेदात 'प्लुषि' नावाचा किडा आहे, त्याचंच पिसू झालं असावं.

ओटीवरून: असावं! चावली की माणसाला पिसं लागतं, म्हणून पिसू. हेही चालेल.

भिंगवाली: 'बांडगूळ' कोणी सुचवायच्या आत सांगते, ते बिचारं हिरव्या पानांनी स्वतःचं अन्न करतं. झाडाकडून घेतं ते पाणी आणि क्षार. ऐतखाऊ म्हणायचं तर अमरवेलीला म्हणा.

अर्धविराम: पुढचं वाक्य तर आणखी अवघड आहे: 'पिलू हे पिसवांचं यजमान असतं.'

ओटीवरून: आमचे यजमान आत्ताच ऑफिसला गेलेत. वाचून दाखवू का संध्याकाळी?

काना_मात्रा: जीवशास्त्रात रूढ झालाय तो.

ओटीवरून: रूढ म्हणून चालतो, तर मघाचा 'परजीवी' का नाही चालत? आणि यजमान आग्रह करून वाढतो. पिलाने कधी आग्रह केला?

काना_मात्रा: 'पोशिंदा' लिहा मग.

खुराडं: पोशिंदा शेतकरी! त्याला पिसवांच्या पंगतीला बसवू नका.

अर्धविराम: बरं, निदान हे सांगा. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी पिसवा मारायला घरटी मायक्रोवेव्हमध्ये घातली. तिथे 'भाजली', 'शेकली' की 'तापवली'?

खुराडं: शेकली. पण पिलं आधी बाहेर काढली होती ना?

अर्धविराम: हो, काढली होती. कोकिळा मात्र अजून पानावर तशीच आहे.