व्हीएमसीपुढे माल साचतोय. लेथ थांबवावेत का? सेटअप कमी करायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. आप्पांनी उभं केलेलं. माझा डिप्लोमा झाल्यापासून प्लॅनिंग मी बघते. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, दोन सीएनसी लेथवर एकेका बाजूचं टर्निंग होतं, मग एकुलत्या एक व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) मिलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग. चार पार्ट, प्रत्येकी आठवड्याला १६०, म्हणजे ६४० नग.

आधी पार्टी आठवड्यातून दोनदा माल उचलायची. दोन महिन्यांपासून तिला चारही पार्ट एक दिवसाआड हवे आहेत. मागणी एका नगानेही वाढलेली नाही. तरीही दर आठवड्याला शंभरेक नग मागे पडतात आणि रविवारी ओव्हरटाइम करून ते भरून काढावे लागतात. व्हीएमसीपुढे बिनांची रांग दरवाजापर्यंत आली आहे.

सगळ्यांचं म्हणणं, व्हीएमसीचा ऑपरेटर हळू चालतो. ते मला पटेना. लोडिंग धरून प्रत्येक लेथवर नगाला ६ मिनिटं लागतात, व्हीएमसीवरही ६च. म्हणून मशीनं सारख्या ताकदीची वाटतात. पण पार्ट बदलताना मशीन नव्याने लावावं लागतं; लेथचा हा सेटअप ४० मिनिटांत होतो, व्हीएमसीचा १५० मिनिटांत. दोन शिफ्ट, सहा दिवस, जेवण-चहा वगळून आठवड्याला ५,०४० मिनिटं मिळतात. चार पार्टांचे दोनदा, असे आठवड्याला आठ सेटअप होते तेव्हा १,२०० मिनिटं त्यात जायची, उरलेल्या ३,८४० मिनिटांत बरोबर ६४० नग बसायचे. आता बारा सेटअप, म्हणजे १,८०० मिनिटं गेली. उरलेल्या वेळात ५४०च नग निघतात. लेथ मात्र बारा सेटअप करूनही ७६० काढतात. कास्टिंग पार्टी आगाऊ टाकून ठेवते, त्यामुळे त्यांना थांबायचं कारणच नाही. ऑपरेटरचा यात काही दोष नाही, हे मला आप्पांना दाखवता आलं याचं समाधान आहे.

परवा फ्लोअरवरचे सगळे नग मोजले, १,२८० भरले. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम डिप्लोमाला शिकले होते: आत अडकलेला माल भागिले बाहेर पडण्याचा वेग, म्हणजे माल आत राहण्याचा सरासरी काळ. १,२८० भागिले ६४०, दोन आठवडे. खात्री करायला मी एका लॉटवर खडूने तारीख टाकली होती. तो तेराव्या दिवशी डिस्पॅचला आला. प्रत्यक्ष मशीनिंग नगाला १८ मिनिटांचं! बाकी सगळे दिवस तो बिनमध्ये पडून होता. त्यात टर्निंगची एखादी चूक असली तर ती आम्हाला दीड आठवड्याने कळते, तोवर त्याच ऑफसेटवर (मशीनमध्ये भरलेल्या मापांवर) आणखी लॉट निघालेले असतात. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

सेटअप कमी व्हावेत म्हणून लॉट मोठे करा असं सुचवू नका, ही विनंती. किती नगांचा लॉट सगळ्यात स्वस्त पडतो ते सांगणारं १९१३ सालचं हॅरिस यांचं सूत्र मीही लावून बघितलं. ते सेटअपचा खर्च दिलेला धरून चालतं, आणि मला तोच कमी करायचा आहे. शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनी प्रेसचा चार तासांचा सेटअप आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला. त्यांची मूळ कल्पना साधी: मशीन चालू असताना जे करता येतं, ते मशीन थांबवून करायचं नाही.

म्हणून घड्याळ घेऊन एक सेटअप पूर्ण बघितला. फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी चौकट), टी-बोल्ट, ॲलन की, कॉलेट शोधण्यात ३५ मिनिटं. टेबल पुसून होइस्टने फिक्स्चर चढवायला २०. डायल गेज लावून फिक्स्चरची जागा तपासून ऑफसेट घ्यायला ३०. टूल बदलून लांबी घ्यायला २५. पहिला नग १५. आणि इन्स्पेक्शनच्या होकाराची वाट बघण्यात २५. शोधाशोध आणि ही वाट बघणं गेलं तर ९० मिनिटं उरतात. हिशेबाने ६६० नग होतात. पण एखादा ड्रिल तुटला की संपलं. टूलची लांबी बाहेर मोजता आली तर ६५ मिनिटं, ७१० नग. मग मला श्वास घ्यायला जागा मिळेल.

आता अडचणी. आमच्या व्हीएमसीच्या मॅगझिनमध्ये (टूल ठेवायच्या जागेत) २० टूल बसतात, चार पार्टांना मिळून २७ लागतात. सामाईक टूल कायम एकाच जागी ठेवून प्रोग्रॅम बदलले आहेत का कुणी? टेबलावर डॉवेल पिनांची (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांची) बेस प्लेट कायम बसवून फिक्स्चर थेट त्यावर टाकलं, तर डायल लावायची ३० मिनिटं खरंच वाचतात का? कास्टिंगची चिप पिनांखाली अडकून माप हलतं, असं एकाने सांगितलं. आप्पा दुसऱ्या व्हीएमसीसाठी कर्ज काढायचं म्हणतात. त्याआधी मला हे करून बघायचं आहे.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न. व्हीएमसी झेपवेल तेवढंच लेथवर काढायचं, तर लेथ दिवसातून दीड-दोन तास बंद राहतील. आमच्या लेथ ऑपरेटरांना नगावर इन्सेंटिव्ह आहे. दोघंही दहा वर्षांपासून आमच्याकडे आहेत, त्यांचा पगार तुटलेला मला चालणार नाही. त्या वेळात त्यांनी पुढच्या सेटअपची ट्रॉली भरावी, टूल तयार ठेवावीत, असा माझा विचार आहे. पण मग इन्सेंटिव्ह कशावर द्यायचा? डिस्पॅच झालेल्या नगांवर सगळ्यांना मिळून दिला, तर व्हीएमसी बिघडल्याची शिक्षा लेथवाल्यांना होते. तुमच्या शॉपमध्ये हे कसं बसवलंय, कृपया सविस्तर सांगा.