जुनाट संधिवात: मनापासून लक्ष घालणारे तज्ज्ञ कसे ओळखावेत?

सांजवात:

नमस्कार. मला नऊ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणतो तो आहे. या काळात तीन डॉक्टर झाले आणि आता मी चौथ्यांच्या शोधात आहे. हे लिहितानाही थोडे अवघडल्यासारखे होते, कारण वरचेवर डॉक्टर बदलणाऱ्या रुग्णाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात हे मला ठाऊक आहे. पहिले अस्थिरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे दीड वर्ष केवळ वेदनाशामक गोळ्यांवर गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी निदान नेमके केले आणि आजार आटोक्यात ठेवणारे मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू केले, परंतु पुढे ते दुसरीकडे निघून गेले. सध्याचे तज्ज्ञ नावाजलेले आहेत, त्यांच्या ज्ञानाविषयी माझ्या मनात शंका नाही.

अडचण वेगळीच आहे. मागच्या भेटीच्या आधी दोन आठवडे माझ्या उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. सकाळी उठल्यावर नळ उघडायला दोन्ही तळहात लावावे लागत आणि बोटांचा आखडलेपणा सुटायला जवळजवळ दोन तास जात. हे मी सांगू लागले तेव्हा डॉक्टर रक्ताच्या अहवालात शरीरातील दाह दाखवणारा सीआरपीचा आकडा पाहत होते. ‘सीआरपी नॉर्मल आहे, तीच औषधे चालू ठेवा,’ असे म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. सुजलेला हात मी मुद्दाम टेबलावर ठेवला होता, पण त्याकडे त्यांची नजरसुद्धा गेली नाही. चार मिनिटांत मी बाहेर आले होते.

आजार आयुष्यभराचा आहे, त्यामुळे डॉक्टरांचा आणि माझा संबंधही लांबचाच असणार. अशा वेळी खरोखर लक्ष घालणारे तज्ज्ञ पहिल्या एक-दोन भेटींत कसे ओळखावेत? की माझी अपेक्षाच अवास्तव आहे?

पिंपळपान:

सांजवातताई, अपेक्षा अजिबात अवास्तव नाही. मला हा आजार चौदा वर्षांपासून आहे आणि माझी कसोटी अगदी साधी आहे: डॉक्टर तुमच्या सांध्यांना हात लावतात की नाही?

हे केवळ भावनेपोटी सांगत नाही. आमवात किती सक्रिय आहे हे मोजण्याची जी पद्धत सर्वाधिक वापरली जाते, त्या ‘डास-28’मध्ये खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि दोन्ही हातांच्या बोटांचे वीस सांधे असे एकूण 28 सांधे एकेक करून तपासले जातात. त्यांपैकी किती दुखतात आणि किती सुजले आहेत हे मोजायचे, त्यात रक्तातील दाह दाखवणारा ईएसआर किंवा सीआरपीचा आकडा मिळवायचा आणि रुग्णाला स्वतःला किती त्रास वाटतो याचा आकडाही धरायचा. म्हणजे रक्ताचा अहवाल हा हिशेबातला एक भाग झाला, पूर्ण हिशेब नव्हे. सांधे सुजलेले असूनही सीआरपी नॉर्मल येणारे रुग्ण कमी नाहीत. मी त्यांपैकीच एक आहे.

माझ्या सध्याच्या डॉक्टर फार बोलत नाहीत. पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बोटांच्या मुळाशी असलेला प्रत्येक सांधा अंगठ्याने दाबत गेल्या. दाब इतका की त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याचे नख टोकाशी पांढरे पडत होते. पुढे समजले की दाब किती द्यायचा याचे मापच तसे आहे, नख पांढरे पडेल इतका. दाबताना त्या माझ्या हाताकडे पाहत नव्हत्या, चेहऱ्याकडे पाहत होत्या, कारण ‘दुखते का?’ या प्रश्नाला आम्ही जुने रुग्ण सवयीने ‘नाही, थोडेसेच’ असे उत्तर देतो. मधल्या बोटाशी आल्यावर मी काहीच बोलले नाही, तरी त्यांनी कागदावर खूण केली.

आणखी एक गोष्ट. त्या 28 सांध्यांमध्ये पावलांचे सांधे येत नाहीत, आणि आमवाताची सुरुवात पुष्कळदा पायाच्या चवड्यापासूनच होते. त्यामुळे ‘मोजे काढा, पाऊल पाहू,’ असे म्हणणारे डॉक्टर भेटले तर समजा की त्यांना आकडा भरण्यापुरते काम करायचे नाही.

कोरडवाहू:

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, तरीही एका बाबतीत सावध करावेसे वाटते. आस्थेवाईक डॉक्टर आणि गोड बोलणारे डॉक्टर यांत गल्लत करू नका. मी ती केली होती.

माझे पूर्वीचे डॉक्टर अतिशय प्रेमळ होते. अर्धा-अर्धा तास बोलत, घरच्यांची चौकशी करत, निघताना पाठीवर हात ठेवत. त्यांनी मला रोज 10 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले आणि मला इतके बरे वाटू लागले की मी त्यांचे गुणगान गाऊ लागलो. ती गोळी चार वर्षे चालली. स्टिरॉइड हे आमवातात वाईट औषध आहे असे माझे म्हणणे नाही. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्या मधल्या काळात ते फार उपयोगी पडते. पण मधल्या काळाचे औषध कायमचे होऊन बसले, मूळ औषधाची मात्रा कोणी वाढवली नाही आणि स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होत असूनही हाडांची घनता एकदाही तपासली गेली नाही. शेवटी एक साधी बादली उचलताना कमरेचा मणका दबला.

आताचे डॉक्टर तुसडे वाटावेत इतके मोजके बोलतात. तथापि, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की तीन महिन्यांत फरक दिसला नाही किंवा सहा महिन्यांत ठरवलेल्या टप्प्यापर्यंत पोहोचलो नाही, तर उपचार बदलायचे, वाट पाहत बसायचे नाही. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेची शिफारसही हीच आहे. स्टिरॉइडही त्यांनी एकदम बंद केले नाही, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अचानक थांबवणे धोक्याचे असते. मात्रा उतरवत उतरवत ते सुटायला कित्येक महिने लागले आणि त्या काळात त्यांनी मला दर महिन्याला बोलावले. मला विचाराल तर आस्था म्हणतात ती हीच.

अबोली:

मी रुग्ण नाही, रुग्णाची मुलगी आहे. आईच्या बाबतीत घडलेला प्रसंग सांगते, कारण तुम्हीही मेथोट्रेक्सेट घेत असणार असे दिसते.

आमवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. आईच्या चिठ्ठीवर ते इतर औषधांच्या ओळीतच लिहिले होते आणि बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असल्याने तिने तीही सलग सहा दिवस घेतली. तोंडात फोड आले, रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, रुग्णालयात दाखल करावे लागले. वेळेवर लक्षात आले म्हणून निभावले. त्यानंतर आम्ही ज्यांच्याकडे गेलो, त्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘फक्त रविवारी’ असे लिहिले, फॉलिक ॲसिड कोणत्या दिवशी घ्यायचे तेही लिहिले आणि मग आईला विचारले, ‘आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कधी घेणार?’ तिने बरोबर सांगेपर्यंत त्यांनी चिठ्ठी हातात दिली नाही. आईला त्या वेळी जरा राग आला होता, हा भाग निराळा.

पहिल्या भेटीत हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत: रक्तपेशींची आणि यकृताची तपासणी किती दिवसांनी करायची, आणि मध्येच ताप आला तर कोणाला फोन करायचा. या औषधांनी प्रतिकारशक्ती थोडी दबते, त्यामुळे ताप अंगावर काढून चालत नाही. ‘पुढच्या भेटीत बघू,’ असे उत्तर आले, तर मी दुसरे डॉक्टर शोधीन.

पिंपळपान:

अबोली, फार महत्त्वाचे लिहिलेत. सांजवातताई, एक राहून गेले. सूज आलेल्या दिवशी हाताचे छायाचित्र काढून ठेवत जा, कारण भेटीच्या दिवशी सूज नेमकी ओसरलेली असते. आणि ‘खूप दुखते’ असे सांगण्याऐवजी नळाचे जे उदाहरण तुम्ही इथे दिलेत तेच सांगा. आखडलेपणा अर्ध्या तासात सुटतो की दोन तास टिकतो, यावरून झिजेमुळे होणारी सांधेदुखी आणि दाहामुळे होणारा संधिवात यांतला फरक ओळखायला डॉक्टरांना मोठी मदत होते, आणि आजार पुन्हा उचल खातो आहे का याचाही अंदाज येतो.

सांजवात:

सर्वांचे मनापासून आभार. कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझ्या जुन्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. माझी औषधे गेल्या अडीच वर्षांत एकदाही बदललेली नाहीत आणि या काळात सांधे मोजल्याची नोंद एकाही कागदावर नाही. हे माझ्या लक्षात आधीच यायला हवे होते. मी डॉक्टरांच्या वागण्यावर रुसून बसले होते आणि खरी तक्रार करायची ती याचीच होती, हे आज कळले.

चौथ्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सध्याच्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारायचे ठरवले आहे, कारण त्यांनाही बोलण्याची संधी मिळायला हवी. रांगेत बाहेर तीस माणसे बसलेली असतात, हेही मला दिसते. पुढची भेट अकरा दिवसांनी आहे. छायाचित्रे मुलाकडून छापून घेतली आहेत. अहवाल पिशवीतच ठेवीन, आधी हात पुढे करीन आणि म्हणेन, ‘डॉक्टर, एकदा दाबून पाहता का?’ काय होते ते इथे कळवते.

कोरडवाहू:

अवश्य कळवा. आणि स्टिरॉइड चालू असेल, तर हाडांच्या घनतेचे त्याच भेटीत विचारून घ्या.