संडासाची किल्ली माझ्याकडेच राहिली: कोवर्किंगचे तुमचे अनुभव लिहा

वनाझचा वाटसरू

काल माळा आवरताना जुनी लॅपटॉपची सॅक निघाली. रद्दीत टाकायच्या आधी खिसे चाचपले तर एक किल्ली. तिला वीतभर लाकडी पट्टी बांधलेली, पट्टीवर मार्करने लिहिलेलं: ‘२ रा मजला, जेन्ट्स’. बायकोने विचारलं हे काय, आणि मी माळ्यावरच हसत बसलो.

२०२१ मध्ये कंपनीने हिंजवडीचं ऑफिस सोडलं आणि आम्हाला कायमचं घरी बसवलं. घर म्हणजे कोथरूडमधलं वन बीएचके, त्यात आई-बाबा, बायको, मुलीची ऑनलाइन शाळा. ‘घरीच आहेस ना’ या तीन शब्दांत सिलिंडर, कुरिअर आणि वरच्या जोशांचा प्लंबर असे तिघेही माझ्या गळ्यात. कडेलोट झाला तो एका क्लायंट कॉलला. आईने समोर कोथिंबिरीची जुडी ठेवली, म्हणाली, ‘नुसतं ऐकतोयस तर एवढी निवड की.’ निवडली. कॅमेरा चालू होता.

पहिली कोवर्किंगची जागा (भाड्याने टेबल मिळतं ते सामायिक ऑफिस) घेतली बाणेरला. शनिवारी बघायला गेलो, हीच चूक. शनिवारी तिथे शांतता, गारवा, फुकट कॉफी. सोमवारी गेलो तर पन्नास माणसं एकाच वेळी व्हिडिओवर बोलतायत. कोथरूडहून जायला तास, यायला सव्वा तास. हिंजवडी सुटलं आणि हे मागे लागलं. दोन महिन्यांत सोडली.

मग कर्वे रोडवर साडीच्या दुकानावर एक जागा मिळाली. बारा टेबलं, लिफ्ट नाही, महिना साडेचार हजार. बीनबॅग वगैरे थेर नाहीत. संडास मजल्याचा सामायिक, त्याची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. खिळा रिकामा दिसला की समजायचं. दिवसभर सगळ्यांचा एक डोळा स्क्रीनवर, एक खिळ्यावर. तिथे चौदा महिने काढले आणि त्या काळात जेवढं काम केलं तेवढं आधी नाही, नंतर नाही. पुढे मालकाने जागा क्लासवाल्याला दिली. शेवटच्या दिवशी मी घाईत निघालो, डिपॉझिटही पूर्ण मिळालं. आणि किल्ली माझ्या खिशात!

काल रात्रीपासून एकच प्रश्न छळतोय, त्या दिवशी बाकीच्या अकरा जणांनी काय केलं असेल? असो. तुम्ही जागा कशी निवडली, काय बघायचं राहिलं, लिहा.

पाटीपेन्सिल

हसून हसून पुरेवाट. कोथिंबीर!! आमच्याकडे मटार.

नागपुरी संत्रं

तो बाराव्या टेबलवाला मीच. खालच्या हॉटेलात जावं लागलं, तिथे नुसतं जाऊ देत नाहीत म्हणून दोन चहा घेतले, परिणामी पुन्हा जावं लागलं.

(खोटं आहे. मी नागपूरला असतो. पण असंच झालं असणार.)

निमा

तुम्हाला हसू येतंय, मी सहा जागा फक्त याच कारणाने नाकारल्या. बाई असाल तर वायफाय नंतर, आधी संडास बघा. कुठे आहे, आतून कडी लागते का, रात्री आठनंतर त्या पॅसेजमध्ये दिवा असतो का. एका ठिकाणी दाखवणारा मुलगा दहा मिनिटं ‘कम्युनिटी’वर बोलला. लेडीज टॉयलेट विचारलं तर म्हणे खालच्या मजल्यावर आहे मॅडम, डेंटिस्टकडे, ते ओळखीचे आहेत.

माझी गोष्ट जरा वेगळी. बाळ सात महिन्यांचं असताना रुजू झाले. पाळणाघर आधी ठरलं आणि त्याच्याभोवती चालत दहा मिनिटांत काय मिळेल ते शोधलं. जी मिळाली ती बरी होती, पण दूध काढायला जागा नाही. फोन बूथला (कॉलसाठीच्या छोट्या खोलीला) काचेचं दार. मग मी घरून जुनी ओढणी नेली आणि दोन कपड्यांच्या चिमट्यांनी आतून लावली. त्या बूथचा दिवा हालचालीवर चालतो. तुम्ही तीन-चार मिनिटं स्थिर बसलात की विझतो. म्हणजे एका हातात पंप आणि दुसरा हात डोक्यावर, आरती ओवाळल्यासारखा. समोरच्या टेबलावर एक साठीच्या बाई बसायच्या, भाषांतराचं काम करायच्या. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून उठल्या आणि बूथच्या दाराशी खुर्ची टाकून पाठमोऱ्या बसल्या. रोज वीस मिनिटं. कधी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पोळ्या करायच्यात, नंतर लिहिते.

पाटीपेन्सिल

निमा __/\__ त्या बाईंना माझाही नमस्कार.

रातराणी

अमेरिकन क्लायंट असलेल्यांनी एसीची वेळ विचारून घ्या. मी विचारली नव्हती. जाहिरातीत ‘२४ तास खुले’. खुलं असतंच, पण एसी आठला बंद आणि काचेच्या खिडक्या उघडत नाहीत. माझी मीटिंग उन्हाळ्यात आपल्या साडेसहाला असायची, तेव्हा चाललं. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली आणि तीच मीटिंग साडेसातला आली. पावणेनऊपर्यंत मी बनियनवर. वर फॉर्मल शर्ट फक्त बोलताना.

आणि लिफ्ट! दहाला वॉचमन लिफ्ट बंद करून शटर अर्धं ओढून झोपायचा. सहा मजले उतरून शटरखालून वाकून बाहेर पडायचो. पोलिसांनी एकदा विचारलंही.

खडूस काका

लोक स्पीड टेस्ट करतात आणि डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात. व्हिडिओ कॉलला अपलोड लागतो. लीज्ड लाइन (फक्त त्यांच्यासाठी घेतलेली इंटरनेटची लाइन) आहे की साधं ब्रॉडबँड, ते विचारा. लीज्डला दोन्ही बाजूंना सारखा वेग मिळतो. आणि टेस्ट मंगळवारी अकराला करा, शनिवारी नाही. धागाकर्त्याने ठेच खाल्लीच आहे.

दुसरं. ‘जनरेटर आहे’ याला काही अर्थ नाही. वीज गेल्यावर जनरेटर पकडेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात, तेवढ्यात राउटर बंद पडतो, परत उठायला दोन-तीन मिनिटं. तोवर कॉलवरची माणसं तुमच्याशिवाय निर्णय घेऊन मोकळी. राउटर यूपीएसवर आहे का एवढंच विचारा. उत्तर देताना समोरचा वर छताकडे बघायला लागला तर निघा. पुण्यात तर गुरुवारी, दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा, जाऊन बघावं, आपोआप परीक्षा होते.

वनाझचा वाटसरू

काका, कर्वे रोडच्या मालकाने राउटरला वेगळा छोटा यूपीएस लावला होता, वर हळदकुंकू. गुरुवारी दिवे जायचे, पंखे थांबायचे, कॉल चालू. चौदा महिने टिकलो ते त्यामुळेच.

सदाशिव अर्धवट

मी कोवर्किंग घेतलंच नाही. अभ्यासिका घेतली. नवी पेठेत, महिना बाराशे, स्वतःचा कप्पा, कुलूप आपलं. सगळी एमपीएससीची मुलं. पिन पडली तरी तीन माना वर येतात. पहिल्या आठवड्यात शेजारच्याने कुजबुजत विचारलं, ‘सर, कुठल्या पोस्टची तयारी?’ मी आपली प्रोग्रॅमिंगची भाषा सांगितली, जावा. त्याला वाटलं मी त्याला हाकलतोय. दोन दिवस बोलला नाही.

कॉल अर्थातच बाहेर, जिन्यात. जिन्यात एक पायरी ठरलेली होती, तिथे रेंज यायची. मी लोकांचं कोड तपासायचो, त्यामुळे दिवसाला एखादाच कॉल, भागलं. पाच महिने बसलो. तो मुलगा नंतर राज्य कर निरीक्षक झाला, पेढे घेऊन आला. म्हणाला, सर तुमचं कधी?

पैशापाशी

कर निरीक्षकावरून आठवलं. जाहिरातीतला भाड्याचा आकडा खरा धरू नका. मला ६,५०० सांगितले, बिल आलं ७,६७०. १८ टक्के जीएसटी वरून. तुमचा जीएसटी नंबर असेल तर हा कर क्रेडिटमध्ये धरता येतो, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो, पगारदार असाल तर गेला. कंपनी परत देणार असेल तर बिल कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या जीएसटी नंबरवर काढून घ्या, नंतर बदलून देताना रडवतात. माझ्या कंपनीने इंटरनेटचे पैसे दिले, ‘जागेचे’ नाही दिले. मग पुढची जागा घेताना मालकाला म्हटलं बिलात इंटरनेट वेगळं दाखवा. नाही म्हणाला. बरोबरच आहे त्याचं.

लॉक-इन (तेवढे महिने सोडता येत नाही) आणि नोटीस (सोडण्याआधी कळवायची मुदत) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही मी तीन महिन्यांचं भाडं भरून शिकलो.

ठाणेकरीण

तुम्ही पुण्याची माणसं अंतरं किलोमीटरमध्ये मोजता, मजा आहे. मी डोंबिवलीला राहते. ऑफिस लोअर परळला होतं तेव्हा जाऊन येऊन पावणेचार तास. रिमोट झाल्यावर घरात सासूबाईंची टीव्ही मालिका आणि माझी स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) एकाच वेळी, आणि त्या मालिकेत रोज कोणीतरी किंचाळतं. ठाण्यात स्टेशनपासून चालत जागा बघितली. सगळे म्हणाले वेडी आहेस, प्रवास सुटला तर परत कशाला. पण मी अकराची गाडी पकडते, बसायला मिळतं. पावणेचार तास उभं राहिलेल्या माणसाला विचारा बसायला मिळणं म्हणजे काय.

जागा ठीकच. मायक्रोवेव्हवर पाटी आहे: ‘कृपया मासे गरम करू नयेत.’

मालवणी तडका

ती पाटी माझ्यामुळे लागली असण्याची दाट शक्यता आहे. ठाणे पश्चिम? सुकटीची चटणी?

ठाणेकरीण

अरे देवा. तो तू!!

मालवणी तडका

चटणी गरम नव्हतो करत गो, फक्त भाकरी. डबा नुसता उघडा होता. मिटिंग रूममधनं माणसं बाहेर आली. आता शाकाहारी असल्यासारखा वावरतो.

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्याकडे सीझनला लॅपटॉपवाले इतके येतात की दर विचारला की आधी ‘किती दिवस?’ विचारतात. मी म्हटलं, जन्मापासून. मग महिन्याचा दर खाली आला. पावसात मात्र सगळे परत जातात, मोठ्या हॉलमध्ये आम्ही चौघे आणि एक मांजर. जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली की गेली. काका म्हणतायत ते यूपीएसचं १०० टक्के. सुकटीला इथे बंदी नाही, या.

जुनाट

माहितीसाठी: कोवर्किंगची ही कल्पना सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रॅमरची मानतात. एकट्याने काम करायचा कंटाळा आणि नोकरीही नको, म्हणून त्याने टेबलं मांडून लोकांना बोलावलं. त्याने हे जाहीर केलं ते ९ ऑगस्ट २००५ ला. म्हणून तो दिवस जगभर कोवर्किंग दिन म्हणून पाळतात.

नागपुरी संत्रं

९ ऑगस्ट म्हणजे आपला क्रांतिदिन की हो! घरच्यांनी मला तेच सांगितलं होतं: चले जाव.

जुनाट

:) सुरुवातीला महिनाभर कोणी फिरकलंच नाही म्हणतात त्याच्याकडे.

म्हात्रे पुलाखालचा

सप्टेंबरात पुण्यात जागा बघणाऱ्यांनो, थांबा. मी मे महिन्यात घेतली, डीपी रोडजवळ. नदी, झाडं, काय ती शांतता. जुलैत ढोलपथकांचे सराव सुरू झाले. रोज संध्याकाळी, पन्नास ढोल, आणि माझा क्लायंट टेक्सासचा, त्याची सकाळ. आवाज कापणारं सॉफ्टवेअर कुत्रं कापतं, हॉर्न कापतं, ढोल नाही कापत. त्याला ते बोलणंच वाटतं बहुतेक. शेवटी एकदा त्याला म्हटलं थांब, ऐक, आणि लॅपटॉप उचलून खिडकीत धरला. पाच मिनिटं ऐकलं त्याने. पुढच्या मीटिंगला विचारतो, आज नाही का? त्या दिवशी पाऊस होता.

जागा नाही सोडली. दोन महिने मीच घरून काम करतो. मी स्वतः ताशा वाजवायचो, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू.

निमा

आले. राहिलेलं: बूथमध्ये हवा खेळते का बघा. दार लावून पाच मिनिटं बसून बघा, तिथे पंखा नसेल तर अर्ध्या तासाच्या मुलाखतीनंतर भोवळ येते. आणि ‘हॉट डेस्क’ (ठरलेलं टेबल नाही, रोज मिळेल ते) स्वस्त दिसतं, पण रोज मॉनिटर, चार्जर, बाटली, सगळं घरी वाहून न्यायचं. माझी पाठ गेली ती बाळाने नाही, सॅकने.

पोळ्या आज मऊ झाल्या नाहीत, पीठच बरोबर नाहीये नवीन गिरणीचं.

पाटीपेन्सिल

निमा, दळताना मूठभर सोयाबीन घालतेस का? माझ्या त्यानेच कडक व्हायच्या.

वनाझला नवीन

धागा वाचतोय. प्रश्न: वनाझला राहतो, कल्याणीनगरला एक चांगली जागा मिळतेय आणि नळस्टॉपला एक बरी. रामवाडीपर्यंत मेट्रो झाल्यापासून कल्याणीनगर सरळ आहे, बदलायला लागत नाही. काय करू? लग्न झालेलं नाही, त्यामुळे घरी कोथिंबीर नाही.

खडूस काका

पावसाळ्यात छत्री घेऊन दोन्हीकडे एकेकदा जा. स्टेशन ते दार चालताना बुटात पाणी गेलं तर ती जागा बाद.

सदाशिव अर्धवट

नळस्टॉप. रात्री भूक लागल्यावर कल्याणीनगरला चारशेचा बर्गर मिळेल.

वनाझचा वाटसरू

@वनाझला नवीन, खुर्चीवर अर्धा तास बसून बघितलंस का? मी बाणेरला नव्हतो बसलो, नुसता हात फिरवला होता. कर्वे रोडला मालकाने सगळ्या खुर्च्या रविवारी जुन्या बाजारातून आणलेल्या, बाराही वेगवेगळ्या, कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसांच्या. माझीच्या पाठीवर कंपनीचा अर्धा सोललेला स्टिकर होता. जागा मोडली तेव्हा तीच विकत घेतली, नऊशे रुपये. आत्ता तिच्यावरच बसून लिहितोय, आई पलीकडे लसूण घेऊन बसली आहे आणि माझ्याकडे बघते आहे.

पाटीपेन्सिल

कॅमेरा बंद आहे ना?

मालवणी तडका

काका, खुर्ची कुठे नीट करून मिळते पुण्यात? माझी बसल्या बसल्या हळूहळू खाली जाते. मिटिंग संपेपर्यंत फक्त कपाळ दिसतं.

खडूस काका

गॅसची नळी गेली. नवी घाल, सगळ्यांची मापं सारखी नसतात, जुनी काढून बरोबर ने.