सोनेरी घड्याळाचा मुलामा गोव्याच्या हवेत किती टिकतो?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. चवथीला बाबांना १,५०० रुपयांचं सोनेरी घड्याळ घेतलं होतं. म्हापशाला रोज स्कूटरवरून ये-जा, घाम ठरलेलाच. आठ महिन्यांत पट्ट्याच्या कड्या जिथे मनगटाला घासतात तिथला मुलामा उडून खालचा पांढरट धातू दिसू लागलाय. समोरून अजून नवंच दिसतं. बाबा तरी तेच हौसेने घालतात, म्हणून जास्त वाईट वाटतं.

साध्या मुलाम्याचा थर फार पातळ असतो, स्टीलवरचं पीव्हीडी कोटिंग (निर्वातात वाफेच्या रूपात चढवलेला कठीण थर) जास्त टिकतं, एवढं कळलंय. ३,००० रुपयांच्या आतलं पीव्हीडीवालं घड्याळ इथल्या खाऱ्या हवेत कुणी दोन-तीन वर्षं वापरलंय का? आणि जुन्यावर पुन्हा मुलामा चढवून देणारा कारागीर म्हापसा-पणजीत मिळेल का?